सोमवारची भाकर

१२ नोव्हेंबर २००१, सोमवार
हरसिंग तांडा

पोचलो एकदाचा! रत्नागिरी सोडून दीड दिवस झाला. शेवटचा दीड किलोमीटर फाट्यापासून चालत, एका खांद्यावर जाळं आणि दुसऱ्यावर दहा किलो तांदूळ. परभणीहून औंढ्याला येताना एसटीत शेजारच्या आजोबांनी विचारलं, मासे विकायला आलात का. म्हटलं, नाही, माशांनी काय खाल्लं ते विचारायला आलोय. त्यानंतर त्यांनी औंढा येईपर्यंत खिडकीबाहेरच पाहिलं.

जागा छान आहे. बाहत्तरच्या दुष्काळी कामावर खणलेलं लहानसं तळं. बांधावर चौकीदारासाठी बांधलेली एक खोली मला मिळाली आहे, खिडकी थेट पाण्यावर उघडते. समोरच्या काठाला दगडी पायऱ्या आणि त्यामागे तांडा, चाळीसेक घरं. तांड्याचे नाईक धर्मसिंगजी यांनी खोली झाडून, कडीला नवं कुलूप लावून ठेवलं होतं. त्यांची चुलती रूपाबाई माझं जेवण करणार आहे. साठीची बाई, पण घागर अशी उचलते की मलाच लाज वाटावी. माझी तांदळाची पिशवी पाहून म्हणाली, “भातानं अंगात ताकद न्हाई ऱ्हात, सर. चार दिस भाकर खाऊन बघा.” मी हसून टाळलं. जन्मभर भात आणि समुद्राची मासळी खाल्लेला माणूस एकदम ज्वारीवर कसा येणार?

वृषालीला पत्र टाकलं. लग्नाला चार वर्षं झाली, तिची शाळा रत्नागिरीला आणि मी कुठल्या ना कुठल्या पाण्यात. मेमध्ये तिला सुट्टी लागली की ती इथे येईल आणि इथून आम्ही दोघं मिळून घरी परतायचं, कायमचं. प्रबंध तोवर पुरा झालाच पाहिजे. विद्यापीठाने दिलेली ही शेवटची मुदत आहे.

१८ नोव्हेंबर, रविवार

काम रांगेला लागलं. सकाळी मांडीभर पाण्यात उतरायचं, बोटभर मासोळ्या धरायच्या, वाळवायच्या, खलबत्त्यात कुटून पूड करायची आणि चिमूटभर पूड कागदाच्या पुडीत. रूपाबाईला वाटतं मी मसाला करतोय.

संध्याकाळी धर्मसिंगजींच्या ओट्यावर सगळ्यांना समजावून सांगितलं. कार्बन दोन तऱ्हांचा असतो, एक जरा हलका, एक जरा जड. ज्वारी, मका, ऊस जड कार्बन थोडा जास्त घेतात. तांदूळ, गहू, कापूस, झाडं कमी घेतात, पाण्यातलं शेवाळ तर त्याहून कमी. जो जे खातो त्याचं ते प्रमाण अंगात उतरतं. प्रयोगशाळेतलं यंत्र त्याचा एक आकडा देतं, ज्वारीचा उणे बाराच्या आसपास, झाडपाल्याचा उणे सत्तावीस, शेवाळाचा उणे तीस. माशाचं चिमूटभर मांस दिलं की त्याने आयुष्यभर काय चावलं ते कळतं.

बाकीचे माना डोलवत होते. रूपाबाई मात्र म्हणाली, यात नवीन काय सांगितलं? मला राग यायला हवा होता, पण हसू आलं. गंमत म्हणून माझे आणि तिचे चार-चार केस कापून तेही पुडीत घातले. शंकरसिंगच्या गिरणीतल्या मोठ्या काट्यावर सगळ्यांनी वजनंही करून घेतली. मी एकसष्ट किलो. रूपाबाई चौसष्ट! तिने तोंडाला पदर लावून माझी कीव केली.

२६ नोव्हेंबर, सोमवार

मासोळ्या भलत्याच माणसाळलेल्या आहेत. पाण्यात उभं राहिलं की पायांभोवती जमतात, टाचांची मेलेली कातडी टोचून खातात. गुदगुल्या होतात. पायांना इतकं सुख कुठल्याही तेलाने मिळालं नसतं. पहिले नमुने आज औंढ्याहून रजिस्टर पोस्टाने पाठवले.

१९ जानेवारी २००२, शनिवार

आकडे आले, आणि मी चक्रावलो. मासोळ्या उणे चौदा! शेवाळ खाणारा मासा उणे अठ्ठावीसच्या आसपास यायला हवा. उणे चौदा म्हणजे या मासोळ्या ज्वारीवर वाढल्यात. तळ्याला लागून ज्वारीचं एक ताट नाही.

केसांचे आकडे मात्र अगदी शहाण्यासारखे आले. रूपाबाई उणे चौदा, मी उणे वीस पूर्णांक आठ, भात आणि समुद्राची मासळी यांच्या मधला. तिचं अंग भाकरीचं आणि माझं भाताचं, हे यंत्रानेही मान्य केलं.

२१ जानेवारी, सोमवार

कोडं सुटलं. मीही काय डोळे बांधून राहत होतो! दर सोमवारी मी टपालासाठी औंढ्याला जातो आणि त्याच सकाळी तांड्यातल्या प्रत्येक घरातून एक भाकर पायऱ्यांवर येते. रूपाबाई त्या कुस्करून पाण्यात सोडते. आज गाडी चुकली म्हणून दिसलं. चाळीस भाकरी, दर आठवड्याला, एकोणतीस वर्षं.

मी धर्मसिंगजींना विनंती केली की मे महिन्यापर्यंत हे थांबवा, नाहीतर माझ्या आकड्यांना काही अर्थ उरणार नाही. ते शिकलेले, तालुक्याला सगळीकडे ऊठबस असलेले. म्हणाले, विज्ञानासाठी चार महिने भाकर थांबली तर काय बिघडतं. पण रूपाबाईचा चेहरा उतरला. तिने सांगितलं ते असं. तळं पहिल्यांदा भरलं त्या वर्षी माणसं हलकी व्हायला लागली. आजार नाही, जखम नाही, नुसती हलकी. तेव्हा धर्मसिंगजींच्या वडिलांनी प्रत्येक घराची भाकर द्यायची रीत घातली. “आमचं अंग भाकरीचं, म्हून त्याला भाकर दिली. मंग ते आमाला सोडून भाकरीला लागलं.” ते म्हणजे कोण, असं विचारलं, तर तिने पाण्याकडे पाहिलं आणि उठून गेली.

मला ही रीत फार आवडली. प्रबंधाच्या प्रस्तावनेत घालीन म्हणतो.

२८ जानेवारी, सोमवार

रूपाबाईने ऐकलं नाही. पहाटेच चार भाकरी सोडून गेली होती. मी पाण्यात शिरून बारीक जाळ्याने तुकडा न् तुकडा काढला. मासोळ्या घोळक्याने जाळ्यामागे आल्या, तोंडं उघडीच. शेवटचा तुकडा निघाला तेव्हा त्या थांबल्या आणि सगळ्या एकाच वेळी माझ्याकडे वळल्या. माशांचे डोळे बाजूंना असतात, समोरचं त्यांना फारसं दिसत नाही, हे मी विद्यार्थ्यांना शिकवतो. तरीही मी जरा घाईनेच बाहेर आलो.

११ फेब्रुवारी, सोमवार

मासोळ्यांनी पाय टोचणं सोडून दिलं. आता त्या हातभर अंतरावर गोल करून उभ्या राहतात. शेपटीसुद्धा हलवत नाहीत. काम सोपं झालं, जाळं न टाकता ओंजळीने धरता येतात. नवी पिल्लंही झाली आहेत, काडीच्या टोकाएवढी. फार कामाची! यांनी भाकर कधी पाहिलेलीच नाही. यांचा आकडा निखळ शेवाळाचा येणार.

शंकरसिंगच्या काट्यावर सहज उभा राहिलो. चोपन्न. काटा बिघडलाय म्हटलं. तो दुखावला.

१० मार्च, रविवार

शेहेचाळीस. शंकरसिंगने माझ्यादेखत वीस किलोचं माप ठेवून दाखवलं, काटा बरोबर वीसवर. पण माझी विजार कमरेला तशीच बसते. आरशात गाल तसेच आहेत. दोरीने दंड मोजला, सुईइतकाही फरक नाही. पंधरा किलो गेले ते कुठून गेले?

आज काठावरच्या ओल्या मातीत चालताना मागे वळून पाहिलं. माझी पावलं उमटलीच नव्हती, नुसता ओलसर रंग बदलला होता. कुणाला सांगितलं नाही.

१४ मार्च, गुरुवार

रूपाबाईचा मुलगा देविदास जीप चालवतो. त्याने मला हिंगोलीला डॉक्टरांकडे नेलं. रक्त चांगलं, छाती चांगली, नाडी चांगली. त्यांच्या काट्यावर एकेचाळीस भरलो. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, काट्याकडे पाहिलं आणि नर्सला काटा बदलायला सांगितलं. टॉनिक लिहून दिलं. तांड्यावर परत येऊन पाहिलं तर पंचेचाळीस. दोन काट्यांत एवढा फरक असतोच, असं मनाला बजावलं.

हिंगोलीहून गाइडना फोन केला. तब्येत बरी नाही, घरी जाऊ का विचारलं. ते म्हणाले, दुसरे नमुने हाती नसतील तर येऊन उपयोग नाही, मग नोकरी बघा. वृषालीचा चेहरा आठवला. चार वर्षं तिने ज्या कागदासाठी वाट पाहिली तो असा अर्धा टाकून जायचा? दहा दिवसांचा प्रश्न आहे. परत आलो.

२५ मार्च, सोमवार

दुसरे नमुने पाठवले. मोठ्या वीस, पिल्लं वीस. पाण्यात आता पाय धड टेकत नाहीत, पाणी उचलून धरतं. देविदासने कमरेला दोर बांधून काठावरून धरलं होतं. तो हसत नव्हता.

८ एप्रिल, सोमवार

एकतीस.

आठ दिवस झाले पाण्यात उतरलो नाही. उपयोग नाही. मासोळ्या आता माझ्या खिडकीखालीच असतात. सबंध तळं रिकामं आणि खिडकीखाली काळा पट्टा. मी खाटेवरून खुर्चीवर गेलो की पट्टा तेवढाच सरकतो.

रूपाबाईने सोमवारच्या भाकरी पुन्हा सुरू केल्या. मीच हात जोडून सांगितलं. आज चाळीस भाकरी पाण्यावर तरंगत राहिल्या, फुगल्या आणि तशाच बुडाल्या. एकही मासोळी तिकडे फिरकली नाही.

२० एप्रिल, शनिवार

आकडे आले.

मोठ्या मासोळ्या, उणे एकोणीस पूर्णांक आठ. याला उत्तर होतं माझ्याकडे. ज्वारी सुटली, शेवाळ सुरू झालं, मधला आकडा येणारच. मी हायसं वाटून पान उलटलं.

पिल्लं, उणे एकोणीस पूर्णांक आठ. वीसच्या वीस. त्यांनी ज्वारी पाहिलेली नाही. शेवाळ खाल्लं असतं तर उणे अठ्ठावीस आले असते. प्रयोगशाळेतल्या माणसाने खाली पेनने लिहिलंय की आपण एकाच माशाची पूड चाळीस पुड्यांत भरली आहे काय.

खाणारा हा खाल्लेल्यापेक्षा एका अंकाने वर असतो. हे मी स्वतः ओट्यावर शिकवलं असतं, वेळ असता तर. उणे एकोणीस पूर्णांक आठमधून एक वजा केला की उणे वीस पूर्णांक आठ होतात.

वीस पूर्णांक आठ मी आहे.

समोर तांड्यात गिरणीचा आवाज चालू आहे. बाहेर रूपाबाई भांडी घासतेय. आणि हे आकडे मार्चचे आहेत. पोस्टाला महिना लागला. त्यानंतरचं माझं —

२२ एप्रिल, सोमवार

पळायचं ठरवलं. देविदासने जीपमध्ये दोन ज्वारीच्या पोत्यांमध्ये बसवलं. फाटा सुटला आणि छातीतून काहीतरी उसवत गेल्यासारखं वाटलं. औंढ्यात आडतीच्या काट्यावर बसवलं, एकोणीस. लोक जमले. देविदासने तोंड फिरवून डोळे पुसले आणि गाडी वळवली. तांड्यावर तेवीस.

लांब गेलो की उरलेलं लवकर सुटतं. हिंगोलीचा काटा खरंच सांगत होता.

२४ एप्रिल

माझा सगळा तांदूळ पाण्यात सोडला. शिजवून, कच्चा, सगळा. त्यांचं अंग भाकरीचं म्हणून भाकर दिली. माझं भाताचं, तर भात द्यायचा. हिशेब बरोबर होता.

मासोळ्यांनी तोंड लावलं नाही.

रूपाबाईला खरं विचारलं, पहिल्या वर्षी हे थांबलं कसं? तिने तिच्या मोठ्या जावेचं सांगितलं, नीलाबाईचं. भाकर सुरू केली तेव्हा बाकीची माणसं सावरली, पण नीलाबाईला ते आधीच फार लागलं होतं. वैशाखाचं वारं सुटलं म्हणून तिला खाटेला बांधून ठेवलं. एका सकाळी दोराच्या गाठी जशाच्या तशा होत्या आणि खाट रिकामी. त्यानंतर ते पुरतं भाकरीला लागलं. “धरलेलं ताट ते टाकत न्हाई, लेकरा,” एवढं बोलून ती रडायला लागली. सर म्हणायची ती मला.

२५ एप्रिल

ताट.

वृषाली आणि मी एकाच घरचा भात खातो. तीच मासळी, तीच कढी. तिचा एक केस पाठवला असता तर हाच आकडा आला असता, एका दशांशाचाही फरक नाही.

तिने इथे येता कामा नये. मी संपलो तर संपलो. पत्र लिहिलं, येऊ नकोस. देविदास आत्ताच टाकायला गेला. आठ दिवस लागतील. तिची सुट्टी एक मेला लागते.

३० एप्रिल

देविदास औंढ्याहून आमच्या शेजाऱ्यांना फोन लावून आला, चार दिवस लाइन लागत नव्हती. शेजारी म्हणाले, ती काल निघाली. आधी बहिणीकडे कोल्हापूरला, मग तिथून इकडे. बहिणीकडे फोन नाही. शाळा लवकर सुटली म्हणे. मला आश्चर्याचा धक्का द्यायचा होता तिला.

रूपाबाई रोज फाट्यावर जाऊन बसणार आहे. एसटीतून उतरली की तिथूनच परत पाठवायचं. ओळखणार कशी विचारलं, तर म्हणाली, भात खाणारी बाई लगेच ओळखू येते. दोघंही हसलो. मी हसलो तेव्हा खाटेवरून वीतभर सरकलो.

३ मे

शंकरसिंगने उचलून काट्यावर ठेवलं. काटा हलला नाही.

खुर्चीत बसवून मांडीवर वीट ठेवली आहे. हात तसेच दिसतात, नखं तशीच. उन्हात धरला तर हाताची सावली मात्र फिकी पडते.

पेन दाबता येत नाही. अक्षर पुसट —

५ मे

खाली तोंडं. सगळी वर करून. ऐकू येत नाही काही, पण दिसतं, उघड-मीट.

एसटीतून नाही उतरली. कालही नाही. देवा, नकोच येऊ देऊस. वाटेत गाडी बंद पडू दे, बहिणीने थांबवून घेऊ दे, काहीही —

६ मे, सोमवार. दुपार

तांडा रिकामा. पुसेगावला धर्मसिंगजींच्या पुतणीचं लग्न, सगळे जीपने गेले. रूपाबाई फाट्यावर. मला पाणी, पेन ठेवून गेली.

ते गेले!

आत्ताच. खिडकीखाली नितळ पाणी, तळ दिसतोय. एकही नाही. महिन्याभरात पहिल्यांदा. सोडलं त्यांनी मला. वीट जराशी उचलून पाहिली, खुर्चीत बसून आहे मी! कदाचित भाकरीकडे — सोमवार आहे ना — रूपाबाईने सकाळी सोडली असेल. वाचलो. वृषाली, मी —

भाकर सोडलेली नाही. आज घरात कुणी नव्हतं.

मग गेले कुठे

पट्टा समोरच्या काठाकडे सरकतोय. सरळ रेषेत. पायऱ्यांकडे.

पायऱ्यांवर कुणीतरी आहे. छत्री. निळी साडी. पुसेगावच्या बाजूने आली, जीपने, फाटा टाळून — बॅग खाली ठेवली. दारं बंद पाहून इकडेतिकडे बघते आहे. घामाघूम झाली असेल. चपला काढल्या.

हाक मारली. ओठ हलले, आवाज झाला नाही.

बसली. साडी घोट्यावर धरून. मला पाहिलं तिने, खिडकीत. हात हलवते आहे. हसते आहे.

वीट टाकतो, वारा तिकडेच आहे, तिच्यापर्यंत नेईल तर नेईल, वृषा, पाय वर घे, वृषा, पा